जुन्या बसचं घर : रील बघायला छान, पण ऊसतोड कामगारांच्या माथी मारू नका

सध्या बऱ्याच जणांच्या मोबाइलवर अमेरिकेतल्या पिवळ्या स्कूल बसची रील्स फिरतायत. जुनी बस घेतली, सीट काढल्या, आत लाकडी फरशी, ओटा, पलंग, छतावर सोलर. झालं घर! खाली कमेंट ठरलेली : "आपल्याकडे एसटीच्या एवढ्या भंगार गाड्या पडल्यात, त्या ऊसतोड कामगारांना का देत नाहीत?"

कमेंट करणाऱ्यांची भावना चांगली आहे, त्यांची टिंगल करायची नाही. पण यावर जरा नीट बोलू या.

आधी बस. सीट काढल्यावर खाली बहुतेक वेळा गंजलेला पत्रा निघतो. तो घासायचा, भोकं बुजवायची. खिडक्यांतून पाणी झिरपतं, त्या सील करायच्या. मग भिंतीत आणि छतात उष्णतारोधक थर भरायचा, कारण बस म्हणजे शेवटी लोखंडी डबा. उन्हात भट्टी, थंडीत बर्फ, आणि आत माणसं झोपली की त्यांच्या श्वासाची वाफ पत्र्यावर जमून पहाटे थेंब गळतात. त्यानंतर पाण्याची टाकी, सांडपाण्याची टाकी, संडास, वायरिंग. बस स्वस्तात मिळते, खरा खर्च पुढेच असतो. रीलमध्ये ही सगळी कामं तीस सेकंदांत उरकतात.

आता जागा. बसची आतली रुंदी साधारण साडेसात फूट. राहायला ३० फूट लांबी मिळाली तरी २२५ चौरस फूट होतात. आपल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेत घराचं किमान क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २७० चौरस फूट ठरलंय. सरकारने गरिबासाठी जे कमीत कमी ठरवलं, त्यापेक्षाही बस लहान.

अमेरिकेतही दोन प्रकारचे लोक गाडीत राहतात. एक, ज्यांना फिरायची हौस आहे, कमाई लॅपटॉपवर चालते आणि कंटाळा आला तर परत जायला घर आहे. दुसरे, ज्यांना भाडं परवडेना म्हणून गाडीत आले. २००८ च्या मंदीनंतर असे किती तरी म्हातारे लोक रस्त्यावर आले. 'नोमॅडलँड' हा ऑस्कर मिळालेला सिनेमा त्यांच्यावरच आहे. तिथल्या अनेक शहरांत रात्री गाडीत झोपायला बंदी आहे. म्हणजे बस तीच, पण एकाची हौस आणि दुसऱ्याची मजबुरी. रील आपल्याला फक्त हौस दाखवतं.

आपल्याकडे कायद्याचीही अडचण आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत जशी गाडी आहे तिच्यात परस्पर बदल करता येत नाहीत. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपते, त्यात एसटीच्या गाड्याही आल्या. त्या नोंदणीकृत भंगार केंद्रातच द्याव्या लागतात. त्यामुळे "डेपोत पडलेल्या गाड्या देऊन टाका" हे बोलायला सोपं आहे.

आणि गंमत बघा. २०२१ मध्ये आपल्या राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पर्यटकाने गाडीत कसं राहावं, गाडी कुठे लावावी, पाणी-वीज कशी मिळावी, याचा विचार झाला. चांगलंच आहे. पण दरवर्षी दिवाळीच्या आसपास बीडहून, नगरहून, जालन्याहून लाखो माणसं पाच-सहा महिन्यांसाठी घर सोडून जातात. त्यांनी कुठे राहावं, पाणी-वीज कुठून मिळावी, याचं उत्तर अजून बांबू, पाचट आणि ताडपत्रीची कोपी हेच आहे.

"मग कोपीपेक्षा बस बरी ना?" हा प्रश्न येणारच. खरंय, पावसात बस कोरडी राहील, साप-विंचवाची भीती कमी होईल. पण कोपीतल्या बाईला विचारा तिला आधी काय पाहिजे. ती पहाटे अंधारात उठते, भाकऱ्या थापते आणि फडात जाते. संडासला आडोसा नाही, अंघोळीला जागा नाही, पाणी लांबून आणायचं, पाळीच्या दिवसांतही तेच. लेकरू फडाच्या बांधावर, ट्रॅक्टरच्या आसपास. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयं काढण्याचा विषय २०१९ मध्ये गाजला, विधिमंडळापर्यंत गेला, समिती बसली. त्यामागच्या कारणांत ही रोजची आबाळही होतीच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : बसचं घर नको, बसचं न्हाणीघर करा. बसचं पाळणाघर करा.

हे हवेतलं नाही. पुण्यात २०१६ पासून पीएमपीच्या जुन्या बसमध्ये बायकांसाठी 'ती' स्वच्छतागृहं सुरू झाली. सॅन फ्रान्सिस्कोत जुन्या सिटी बसमध्ये बेघरांसाठी अंघोळीची सोय झाली. केरळच्या एसटीने मुन्नारला जुन्या बसमध्ये १०० रुपयांत रात्रीच्या मुक्कामाची सोय केली. यातलं कुठलंच कुणाचं कायमचं घर नाही. बस थोड्या वेळाच्या गरजेला उत्तम, आणि ऊसतोडीत तर ती आणखी उपयोगी. बैलगाडीवाल्या टोळ्या बहुधा कारखान्याजवळ तळ ठोकतात, पण ट्रॅक्टरवाल्या टोळ्यांना ऊस संपेल तसं गावोगाव हलावं लागतं. तिथे पक्का संडास बांधून काय उपयोग? टोळीबरोबर हलणारा पाहिजे. यासाठी एसटीचं भंगारच लागतं असंही नाही. परिवहन विभागाची रीतसर मंजुरी घेऊन खासगी जुनी बस करता येईल, नाहीतर साध्या ट्रॉलीवरही होईल.

आणि घर? ते जमिनीवरच पाहिजे. कारखान्याच्या आवारात पक्क्या खोल्या, नळ, दिवा. आणि गावाकडे घरकुल, म्हणजे परत यायला काहीतरी असेल. गरिबाला चाकावरचं घर दिलं की "आता कशाला जागा मागता?" म्हणायला सगळे मोकळे. तो मोकळेपणा त्यांना देऊ नका.

पैसा कुठून, असं विचाराल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहेच. त्यासाठी कारखान्यांनी टनामागे १० रुपये द्यायचे असं ठरलेलं आहे.

आपल्यातले बरेच जण कारखान्याचे सभासद आहेत. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा होते. तिथे आपण उसाचा दर विचारतो, साखर विचारतो, ते विचाराच. यंदा त्यासोबत एवढंही विचारा : आपला ऊस तोडायला येणाऱ्या बायकांसाठी किती न्हाणीघरं आहेत, आणि त्यातली किती चालू आहेत?

उत्तर मिळालं तर खाली कारखान्याच्या नावासकट लिहा. नाही मिळालं तर तेही लिहा.