परत द्या, पण कुणाला?

"जिथली वस्तू तिथे परत गेली पाहिजे" हे वाक्य आपल्याकडे कुणीही डोळे मिटून मान्य करतं. २०२४ साली वाघनखं लंडनहून तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली, तेव्हा आमच्या घरात एकच सूर होता: "बोलीवर कसली? कायमची द्या की!" माझंही मत तेच होतं आणि आहे. पण या वाक्यात एक शब्द नेहमी गाळलेला असतो. परत द्या, पण कुणाला?

आपल्याकडे हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण इंग्रजाने नेलं, आपल्याला परत हवं, इतका हिशोब सरळ असतो. बगदादच्या ज्यूंच्या पुस्तकांचा हिशोब तसा नाही. तरीही "इराकचा वारसा इराकला द्या" असं कुणी म्हणालं की भलीभली शहाणी माणसं माना डोलावतात. म्हणून आज जरा भांडायचं ठरवलंय.

आधी हकीकत. मे २००३. अमेरिकन सैनिकांची एक तुकडी महासंहारक शस्त्रं शोधत सद्दामच्या गुप्तहेर खात्याच्या, म्हणजे मुखाबरातच्या, बगदादमधल्या मुख्यालयात शिरली. तळघरात पाणी साचलेलं होतं. शस्त्रं मिळाली नाहीत. मिळाली ती भिजून लगदा व्हायला आलेली २,७०० हून अधिक पुस्तकं आणि हजारो कागद. हिब्रूत, अरबीत, आणि हिब्रू लिपीत लिहिलेल्या अरबीत.

काय होतं त्यात? १५६८ सालचं हिब्रू बायबल. १७९३ सालचा तालमूद. तोराच्या गुंडाळ्यांचे तुकडे. १९०२ साली हाताने लिहून रंगवलेली एक हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री घरच्या सगळ्यांनी जेवायला बसून वाचायची पोथी. १९७२-७३ सालचं एक पंचांग. आणि शाळेची दप्तरं! बगदादच्या ज्यू शाळांमधल्या मुलांची नावं आणि त्यांच्या नोंदी.

आता मला सांगा, गुप्तहेर खात्याला वल्हांडणाची पोथी कशाला हवी होती? पोरांचे शाळेतले कागद कशाला? सांगतात ते असं, की १९८४ साली सद्दामची माणसं बगदादच्या शिल्लक राहिलेल्या सिनेगॉगमध्ये आली आणि तिथे जपून ठेवलेलं हे सगळं ट्रकमध्ये भरून घेऊन गेली. ते काही वारसा जतन करायला नेलं नव्हतं. संग्रहालयात नाही, ग्रंथालयात नाही, हेरांच्या तळघरात ठेवलं होतं.

आणि ते सिनेगॉगमध्ये तरी का साठलं होतं? कारण घरं रिकामी झाली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बगदाद शहरात चारातला एक तरी माणूस ज्यू होता. इराकमधली त्यांची वस्ती दोन हजार वर्षांहून जुनी, इस्लामच्याही आधीची. जून १९४१ मध्ये फरहूद नावाची दंगल झाली, दोन दिवसांत पावणेदोनशेच्या आसपास माणसं मारली गेली. १९५० साली कायदा आला: जायचं तर जा, पण नागरिकत्व सोडून. १९५१ साली दुसरा कायदा आला, जाणाऱ्यांची मालमत्ता गोठवणारा. त्या दोन वर्षांत एक लाखाहून जास्त माणसं विमानांत बसून गेली. हातात एखादी बॅग आणि मोजके पैसे. जे थोडे मागे राहिले त्यांच्यापैकी काहींना जानेवारी १९६९ मध्ये हेर ठरवून भर चौकात फासावर लटकवलं. मग उरलेलेही गेले, काही रातोरात डोंगर ओलांडून.

एका बॅगेत काय काय मावणार हो? आजोबांनी वाचलेली पोथी मागेच राहते. शाळेचा दाखला मागे राहतो. घराचा कागद मागे राहतो. तर ही ती पुस्तकं.

अमेरिकेने ती गोठवून, सुकवून, पान न् पान सुटं करून मेरीलँडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात दुरुस्त केली. तीस लाख डॉलरच्या वर खर्च आला. २०१३ साली वॉशिंग्टनला प्रदर्शन भरलं, सगळं इंटरनेटवरही चढवलं. काम उत्तम, वादच नाही. पण २००३ साली नेतानाच करार झाला होता, की काम झालं की इराकला परत द्यायचं. करार कुणाकुणात? ताबा घेणाऱ्या अमेरिकनांचा आणि त्यांनीच बगदादमध्ये बसवलेल्या हंगामी प्रशासनाचा. ज्यांची पुस्तकं होती त्यांना कुणीही विचारलं नाही. २०१४ ची तारीख ठरली, अमेरिकन सेनेटने ठराव करून फेरविचार करायला सांगितलं, मुदत २०१८ पर्यंत वाढली, तीही उलटून गेली. मूळ प्रश्न तिथेच.

इराकची बाजू पोकळ आहे असं मी म्हणणार नाही. तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे तेव्हाचे संचालक साद एस्कंदर हे परत मागत होते, आणि तो माणूस काही सद्दामचा हस्तक नव्हे. एप्रिल २००३ मध्ये त्यांचं ग्रंथालय जळलं, लुटलं गेलं. त्यांचं म्हणणं, ज्यू हे इराकच्या इतिहासाचा भाग आहेत, हे कागद गेले तर आमच्या पुढच्या पिढीला ते इथे होते हेसुद्धा कळणार नाही. शिवाय युद्धात जिंकलेल्या देशातून सांस्कृतिक वस्तू उचलून न्यायच्या नाहीत हा नियम जुना आहे, आणि चांगला आहे.

हे सगळं मान्य. पण इतिहास सांगायला प्रत पुरते. उत्तमातली उत्तम प्रत बगदादला द्या, तिथल्या विद्यार्थ्यांना वाचू द्या, हवं तर खर्च अमेरिकेने करावा. मूळ वस्तूवर हक्क सांगायचा तर मात्र "ती इथे होती" एवढं पुरत नाही, "ती आमची होती" हे दाखवावं लागतं. ज्या सरकारने माणसाचं नागरिकत्व काढून घेतलं, त्याच सरकारचे वारस त्या माणसाच्या पोथीला मात्र नागरिक म्हणतात. माणूस परका, पुस्तक आपलं! हा कुठला न्याय?

आणखी एक. ज्यू परंपरेत देवाचं नाव असलेलं जीर्ण पुस्तक फेकत नाहीत, माणसासारखं दफन करतात. आपण जुन्या पोथ्या नदीत सोडतो, तसंच काहीसं. डिसेंबर २०१३ मध्ये तोराचे दुरुस्त न होणारे ४९ तुकडे न्यूयॉर्क राज्यातल्या एका ज्यू दफनभूमीत पुरले गेले, इराकच्या संमतीने. गावाचं नाव वेस्ट बॅबिलॉन, योगायोग बघा. म्हणजे मेलेल्या पानांचे वारस कोण हे इराकलाही कळत होतं. मग जिवंत पानांच्या वेळी ते का विसरायचं?

कुणी म्हणेल, ज्यूंचा कळवळा बरा आला तुला. नाही बुवा. १९४८ साली पश्चिम जेरुसलेममधल्या, पळून गेलेल्या पॅलेस्टिनी लोकांच्या घरांतून सुमारे ३०,००० पुस्तकं गोळा झाली आणि इस्रायलच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेली. त्यातल्या हजारो पुस्तकांवर आजही "बेवारस मालमत्ता" अशा अर्थाची खूण आहे. बेवारस कशी? वारस आहेत, त्यांना येऊ देत नाहीत एवढंच. तिथेही माझं हेच म्हणणं: ज्यांची पुस्तकं, त्यांच्या मुलानातवंडांना द्या.

पुण्याच्या मंडळींना हे बगदाद फार लांबचं वाटायला नको. कॅम्पातलं लाल देऊळ बांधणारे डेव्हिड ससून हे बगदादमध्ये जन्मलेले. तिथल्या पाशाच्या छळाला कंटाळून पळाले, १८३२ च्या सुमाराला मुंबईला आले, १८६४ साली पुण्यात वारले, त्याच आवारात त्यांची कबर आहे. त्यांना निदान नवं घर, नवं सिनेगॉग, नवी पुस्तकं उभी करता आली. १९५१ च्या विमानात बसलेल्या शिक्षकाला किंवा शिंप्याला ते कुठून जमणार?

मला विचाराल तर उपाय फार अवघड नाही. शाळेच्या नोंदींवर नावं आहेत, त्यातली कितीतरी माणसं आज म्हातारी होऊन लंडनला, तेल अवीवला, माँट्रियलला जगताहेत. त्यांचे कागद त्यांच्या हातात द्या. ज्या पुस्तकांचे मालक सापडणार नाहीत ती बगदादी ज्यूंच्या संस्थांकडे सोपवा, कुठे ठेवायची ते त्यांना ठरवू द्या. उद्या त्यांनीच ठरवलं की बगदादला पाठवायची, तर जरूर पाठवा. पण ठरवायचं त्यांनी. दर वर्षी ही माणसं कमी होताहेत, आणि मुदतीवर मुदत वाढवत बसायला फक्त सरकारांकडेच वेळ आहे.

ज्यांना पटत नसेल त्यांनी खुशाल भांडावं, मी आहेच. आणि काका, वाघनखांचं तुमचं-माझं अजून एकमत आहे बरं का!