दशांशांची थोरवी

विजय मर्चंट थोर कीं विजय हजारे थोर, हा वाद मुंबईंत कित्येक पिढ्या चालला आहे आणि तो पुढेंही चालावा. आमची हरकत आहे ती तो मिटविण्याच्या नव्या रीतीस. भाईंदरहून चर्चगेटला जाणाऱ्या गाडींत उभ्याउभ्या खिशांतलें यंत्र काढावें, दोन सरासऱ्या वाचून दाखवाव्या आणि निकाल लागला म्हणून मोकळें व्हावें, अशी ही रीत. वाचणारा बहुधा पदवीधर असतो, ही अधिक खेदाची गोष्ट.

कसोटी सामन्यांत मर्चंटांची सरासरी ४७.७२, हजाऱ्यांची ४७.६५. म्हणजे मर्चंट सात शतांशांनीं थोर! हें सोनें जरा कसास लावून पाहूं. मर्चंटांच्या धावा ८५९, डाव १८. नाबाद एकदांही नाहींत. ह्या अठरा डावांत मिळून दोन धावा कमी झाल्या असत्या, तर त्यांची सरासरी ४७.६१ होऊन मुकुट तत्काळ हजाऱ्यांच्या मस्तकीं गेला असता. क्षेत्ररक्षकाच्या पायांतून निसटलेल्या एका चेंडूवर जी थोरवी टांगलेली, तिच्यासाठीं भांडण्यांत काय हंशील? गुणांच्या शतांशावर मुलांचीं भवितव्यें ठरविण्याची संवय जडलेल्या समाजास हा प्रश्न सुचत नाहीं, ह्याचें आम्हांस नवल वाटत नाहीं.

प्रतिपक्षी म्हणेल, प्रथम श्रेणीचे आंकडे पाहा: मर्चंट ७१.६४, हजारे ५८.३८. हें अंतर मोठें आहे व तें नाकारणें हटवादीपणाचें होईल. परंतु हजाऱ्यांनीं त्याच सामन्यांतून ५९५ गडी बाद केले, तें फलंदाजीच्या सरासरींत कोठें दिसतें? आणि संघाचा भार कोणी किती वाहिला, तें तरी कोठें दिसतें? १९४३ च्या पंचरंगी सामन्यांची अंतिम लढत ब्रेबॉर्न मैदानावर झाली. (जातवार संघांची ती स्पर्धा १९४६ नंतर बंद पडली, हें योग्यच झालें.) हिंदु संघाच्या ५ बाद ५८१ धावांत मर्चंट नाबाद २५०. उलट बाजूस, शेष संघ पहिल्या डावांत १३३ धावांत आटोपला. दुसऱ्यांत त्याच्या ३८७ धावा झाल्या, त्यांपैकीं ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! तरीही संघ एक डाव व ६१ धावांनीं हरला. विजयी संघांतल्या २५० आणि बुडत्या संघांतल्या ३०९ ह्यांस एकाच तराजूंत घालणारा मनुष्य बेरीज जाणतो, क्रिकेट नव्हे.

शिवाय मर्चंटांचे दहाही कसोटी सामने इंग्लंडविरुद्धच झाले. प्रकृतीमुळें १९४७-४८ मध्यें ते ऑस्ट्रेलियास जाऊं शकले नाहींत. त्यांत दोष त्यांचा नाहीं, पण लिंडवॉल आणि मिलर त्या ४७.७२ मध्यें नाहींत, एवढें खरें. हजाऱ्यांनीं त्यांच्यापुढें ॲडलेडला एकाच सामन्यांत ११६ व १४५ केल्या, आणि दुसऱ्या डावांत साऱ्या संघाच्या धावा होत्या २७७.

१९५१ मध्यें दिल्लीस दोघे इंग्लंडविरुद्ध एकत्र खेळले. चाळिशींतल्या मर्चंटांनीं १५४ केल्या, हजारे १६४ वर नाबाद राहिले. दोघांच्या भागीदारीच्या धावा २११. त्या सामन्यांत खांदा दुखावला आणि मर्चंट पुन्हा कसोटी खेळले नाहींत. तक्त्यांत मर्चंटांचा तो डाव भाजकांत एकाची भर घालतो, हजाऱ्यांचा घालीत नाहीं.