ओटा लहान पडला म्हणून घर बदलायचे?



गेल्या महिन्यात खोपोलीतील एका उपासकांच्या घरी आमचे जाणे झाले. गृहस्थ कारखान्यात कंत्राटी कामगार, बाई अंगणवाडीत मदतनीस. थोरली मुलगी कॉलेजात शिकते. घरातला संगणक सात-आठ वर्षांपूर्वी हप्त्याने घेतलेला. आता तो एक फाईल उघडायला चहा उकळेपर्यंत वेळ लावतो. परीक्षेचा अर्ज भरताना मध्येच अडकला, आणि शेवटच्या दिवशी मुलीला लोकल पकडून कर्जतला धावावे लागले. दुकानदाराने एका वाक्यात निकाल दिला, "भंगार झालाय, नवा घ्या, हप्ते करून देतो." गृहस्थ पतपेढीचे कर्ज काढायच्या विचारात होते.

केसपुत्तच्या कालामांना तथागतांनी शिकवले ते हेच, की कुणी सांगितले म्हणून मान्य करू नका, स्वतः तपासा. आम्ही म्हटले, कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी यंत्रालाच विचारू.

विंडोजच्या संगणकात कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी पाहावे. येथे एकूण मेमरी 4 जीबी होती. अर्जाचे पान आणि दोन पीडीएफ उघडताच ती 90 टक्क्यांच्या वर भरली. रॅमच्या दोन खाचांपैकी एक रिकामीच होती.

आमच्या भगिनींना हे लगेच समजेल. हार्ड डिस्क म्हणजे फडताळ, रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असला की प्रत्येक डबा काढायचा, ठेवायचा, पुन्हा काढायचा. स्वयंपाक होतो, पण रात्र होते. त्यासाठी घर बदलायचे नसते, ओटा वाढवायचा असतो. मात्र मेमरी अर्धी रिकामी आणि डिस्क सतत 100 टक्के दिसत असेल, तर दुखणे डिस्कचे आहे. तेथे रॅमवर पैसे घालू नयेत.

रॅम घेताना जात जुळावी लागते, आणि जात जुळवावी असे आम्ही फक्त येथेच म्हणू! डीडीआर 3, डीडीआर 4 आणि डीडीआर 5 यांच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. म्हणून जुनी पट्टी दुकानात सोबत न्यावी. विंडोज 32 बिटची असेल तर 4 जीबीच्या वरची मेमरी ती वापरूच शकत नाही, हेही आधी पाहावे. 2025 च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांची मागणी वाढून रॅमचे भाव चढले. तेव्हा गरजेपुरतीच घ्यावी. वापरलेली पट्टी मिळाली तर चालवून पाहून घ्यावी.

रविवारी काम काढले. वीज बंद करून वायर काढली, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावला, म्हणजे अंगातली स्थिर वीज चिपला इजा करत नाही. वडील म्हणाले, "राहू दे, बिघडेल." पण स्क्रू ड्रायव्हर मुलीच्याच हातात होता. तिने खाच जुळवून पट्टी बसवली. बटण दाबले, तर पडदा काळा आणि नुसती शिट्टी! वडिलांचा चेहरा उतरला. मुलीने पुन्हा वायर काढली, पट्टी काढून कोरड्या कापडाने पुसली, आणि दोन्ही टोकांवर सारखा दाब देऊन कट्ट आवाज येईपर्यंत बसवली. घाटाखालच्या आपल्या दमट हवेत हे ध्यानात ठेवावे. या वेळी 8 जीबी दिसले. अर्ज आता घरीच भरला जातो, कर्जाचा कागद कोराच राहिला.

एक गोष्ट मात्र लपवू नये. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला, आणि प्रत्येक जुने यंत्र विंडोज 11 घेत नाही. रॅमने ते दुखणे जात नाही. अशा यंत्रावर लिनक्स ही मोफत प्रणाली टाकता येते.

बाबासाहेबांनी 'शिका' म्हटले, ते केवळ पुस्तकापुरते नव्हे. ज्या वस्तूचे हप्ते आपण घाम गाळून फेडतो, तिचे पोट उघडून पाहण्याचा अधिकारही आपलाच. कर्जत-खालापूरच्या विहारांतून रविवारी वंदनेनंतर, ज्याला येते त्याने दुसऱ्याला एवढे शिकवावे. आणि स्क्रू ड्रायव्हर आधी मुलीच्या हाती द्यावा.

जयभीम!