वीतभर नळी, अख्ख्या घराची जबाबदारी



आपल्या वस्तीत दाराशी मोटारसायकल नाही, असे घर आता विरळाच. तिच्यावरून कोणी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत पाळीला जातो, कोणी मिरकरवाड्याच्या बंदरावर, कोणी गवंडीकामाला. तीच गाडी मुलांना शाळेत सोडते, म्हातारीला दवाखान्यात नेते आणि १४ एप्रिलला आंबडव्याची वाट धरते. तिचे हप्ते आपण पोटाला चिमटा घेऊन फेडतो. अशोक विजयादशमीला तिला धुऊन-पुसून चकचकीत करतो. पण तिच्या टाकीखालची काळी रबरी नळी किती जणांनी वाकून पाहिली आहे?

जुन्या पद्धतीच्या, म्हणजे कार्बोरेटरच्या गाडीत टाकीखाली पेट्रोलचा कॉक असतो. तिथून कार्बोरेटरपर्यंत ही नळी जाते. मध्ये पंप नसतो. पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते. त्यामुळे नळीला चीर पडली आणि कॉक उघडा राहिला, तर गाडी उभी असतानाही पेट्रोल ठिबकत राहते. चालत्या गाडीत तेच पेट्रोल तापलेल्या इंजिनावर पडू शकते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीलगत पसरते. गाडी पडवीत आणि चार हातांवर पाणी तापवायची चूल, अशी रचना आपल्याकडे अनेक घरांत आहे. म्हणून हा प्रश्न एकट्या गाडीवाल्याचा नाही, सगळ्या घराचा आहे.

रबर वयाने आणि उष्णतेने कडक होते, मग चिरते. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने नळीच्या क्लिपा गंजतात. पावसाळ्यात उंदीरही नळी कुरतडतात. त्यात आता पेट्रोल बदलले आहे. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. हे इथेनॉल उसाच्या रसापासून, मळीपासून आणि धान्यापासून बनते. जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग त्याच्यासाठी बनवलेले नव्हते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितले की, काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग बदलावे लागू शकतात. आपल्यातल्या अनेकांची गाडी दुसऱ्या हाताची असते. तिची नळी किती वर्षांची आहे, हे कोणाला ठाऊक नसते. म्हणून डोळ्यांनी पाहणे हाच खात्रीचा उपाय.

पाहायचे काय? सकाळी गाडीजवळ पेट्रोलचा वास येतो का? नळीच्या टोकांशी ओल किंवा डाग आहे का? नळी हलकेच वाकवली तर बारीक चिरा दिसतात का? ती काठीसारखी कडक किंवा उलट फुगून बुळबुळीत झाली आहे का? यातले एक जरी आढळले तरी नळी बदलावी. चिरेवर चिकटपट्टी गुंडाळून दिवस काढू नयेत. पेट्रोल तिचा डिंक विरघळवते.

आधी एक मर्यादा ओळखावी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि त्यानंतरच्या बहुतेक गाड्या इंजेक्शनच्या आहेत. त्यांत पंप दाबाने पेट्रोल ढकलतो. ती नळी घरी सोडवू नये, पेट्रोल फवाऱ्यासारखे उडते. ते काम मेकॅनिककडेच द्यावे. कार्बोरेटरच्या गाडीचे काम मात्र जमणारे आहे.

दुकानात गाडीचे नाव आणि साल सांगून नळी घ्यावी. आतले भोक जुन्या नळीइतकेच हवे. नळी पेट्रोलसाठीच बनवलेली आणि २० टक्के इथेनॉलला चालणारी आहे ना, हे विचारावे. पाण्याची नळी किंवा साधी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी स्वस्त पडते, पण ती काही दिवसांत कडक होते. क्लिपाही नव्या घ्याव्यात.

काम सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, अंगणात उघड्यावर करावे. विडी, चूल, मेणबत्ती, अगरबत्ती जवळ नको. मुलांना लांब ठेवावे. वाळूची बादली हाताशी असावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नये. पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि आग पसरते.

कॉक बंद करावा. खाली स्टीलचा डबा ठेवावा. पकडीने क्लिपा मागे सरकवून नळी हलकेच फिरवत काढावी. चिकटली असेल तर हिसका देऊ नये, नळी ब्लेडने लांबीत चिरून सोडवावी. कॉक बंद असूनही धार थांबत नसेल, किंवा कॉकला बंद करण्याची खूणच नसेल, तर काम मेकॅनिककडे सोपवावे. पेट्रोल तोंडाने कधीही ओढू नये.

नवी नळी जुनीच्या मापाने कापावी. तिला मुरड पडू नये आणि ती इंजिनाला टेकू नये. टोक घट्ट जात असेल तर गरम पाण्यात क्षणभर बुडवून पुसून घ्यावे. दोन्ही टोके पूर्ण आत सारून क्लिपा बसवाव्यात. मध्ये फिल्टर असेल तर त्यावरचा बाण कार्बोरेटरकडे हवा. मग कॉक उघडून पाच मिनिटे नुसते पाहावे. सांडलेले सारे पुसून, वास गेल्यावर आणि दोन्ही जोड कोरडे दिसल्यावरच गाडी सुरू करावी. भिजलेली फडकी घरात आणू नयेत. हात साबणाने धुवावेत.

बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात गांधीजींच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला होता. यंत्र माणसाला जनावरासारख्या कष्टातून सोडवते, विचाराला आणि संस्कृतीला फुरसत देते, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या नुसते ओझे आले, त्यांच्या दारात आज यंत्र उभे आहे. ते नुसते चालवून भागणार नाही, समजूनही घेतले पाहिजे. म्हणून या कामाला मुलाबरोबर मुलीलाही शेजारी बसवावे, पक्कड तिच्या हाती द्यावी. वहिनींनीही वास आला तर कॉक कुठे बंद करायचा, एवढे तरी आजच शिकून घ्यावे. घरात पहिला वास बहुधा त्यांनाच येतो.

तथागतांनी अप्रमाद शिकवला, म्हणजे गाफील न राहणे. तो विहारापुरता नाही. हातखंब्याला महामार्गाला लागून, चिपळूणपुढे परशुराम घाट चढून, खेड-दापोलीवरून मंडणगडाकडे जाताना मागे बायको आणि पुढे लेकरू बसलेले असते. निघण्याआधी दोन मिनिटे वाकून टाकीखाली पाहणे, हाही अप्रमादच.