दार कुणासाठी उघडायचं?

मे महिन्याच्या सुटीत नातू पुण्याहून श्रीवर्धनला आला, तो आंब्यांपेक्षा मोबाइलमध्येच अधिक रमला. एके दिवशी म्हटलं, बघू तरी काय आहे त्यात! ‘फॉलआउट शेल्टर’ हा त्याचा लाडका खेळ, २०१५ साली आलेला. अणुयुद्धात जग बेचिराख झालंय आणि आपण जमिनीच्या पोटात बंकर खोदून माणसं जगवायची. एक खोली विजेची, एक पाण्याची, एक अन्नाची. तिन्हींचा मेळ बिघडला की सगळे हवालदिल. मधूनच कुणी अनोळखी माणूस दाराशी येऊन उभा राहतो.

‘‘आजोबा, याला आत घेऊ?’’ नातवानं विचारलं आणि मी चपापलो. हा प्रश्न मला पूर्वी एकदा पडला होता. तेव्हा तो खेळ नव्हता.

३ जून २०२०. ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तो दिवस. दुपारी माजघरावरची कौलं पत्त्यांसारखी उडू लागली, तसे आम्ही मागच्या स्लॅबच्या खोलीत शिरलो. तांदळाचा डबा, दोन हंडे पाणी, कंदील आणि आम्ही पाच माणसं. तोच आमचा बंकर! एवढ्यात दारावर थापा पडल्या. शेजारचं कुटुंब होतं. त्यांच्या घरावरचे पत्रे उडाले होते. पण त्यांचा मुलगा चारच दिवसांपूर्वी मुंबईहून आलेला आणि ते दिवस करोनाचे. मी कडीवर हात ठेवून उभा राहिलो. फार तर अर्धं मिनिट असेल, पण ते मला अजून टोचतं. शेवटी सौभाग्यवतीनंच मला बाजूला सारलं आणि कडी काढली. तोंडाला पदर-रुमाल बांधून आम्ही नऊ जण संध्याकाळपर्यंत त्या खोलीत बसलो होतो.

वादळ गेलं. सुपारीची वाडी आडवी झाली होती आणि वीज पुढे कित्येक दिवस आली नाही. पंप मुका झाला आणि घरात पाण्याचा थेंब नाही. त्या शेजाऱ्यांच्या विहिरीवर मात्र आजोबांच्या काळचा रहाट शाबूत होता. त्या रहाटाचं पाणी आम्ही महिनाभर प्यायलो. मी दार उघडलं नसतं, तर कुठल्या तोंडानं कळशी घेऊन गेलो असतो?

दुसऱ्या दिवशी नातवाला दिघीहून होडीनं जंजिऱ्यावर नेलं. म्हटलं, चल, खरा बंकर दाखवतो. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी समुद्रात भराव घालून वाट काढायचा प्रयत्न केला, तरी सिद्दीचा हा किल्ला मराठ्यांच्या हाती लागला नाही. तट आणि तोफा तर आहेतच, पण भर समुद्रात गोड्या पाण्याचे दोन मोठे तलावही आहेत. आणि तेवढ्यावरही सिद्दीचं भागलं नाही. त्याचं आरमार होतं, मोगलांशी संबंध होते. रसद बाहेरूनच यायची. अभेद्य किल्ल्यालाही दर्यावरची वाट लागतेच.

नातू म्हणाला, ‘‘आजोबा, १९९७ च्या पहिल्या ‘फॉलआउट’मध्येही असंच आहे. बंकरमधली पाणी शुद्ध करणारी चिप बिघडते आणि नायकाला बाहेर पडावंच लागतं.’’ पोरांच्या खेळातही शहाणपण असतं म्हणायचं!

परदेशातले धनाढ्य लोक स्वतःपुरते बंकर बांधतात, असं वाचायला मिळतं. मला त्यांचा हेवा वाटत नाही. स्वित्झर्लंडनं १९६३ पासून प्रत्येक रहिवाशाला आसरा मिळेल असा कायदाच केला. आपल्या ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे १० हजार माणसं गेली. त्यानंतर तिथं किनाऱ्यावर निवारे उभे राहिले. एरवी त्यांतल्या कित्येकांत शाळा भरते. २०१९ मध्ये ‘फनी’ आलं तेव्हा सुमारे १२ लाख लोकांना आधीच हलवलं गेलं आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. मुलं रोज जिथं पाढे म्हणतात, तिथली वाट वादळातही सापडते.

आपल्या किनाऱ्यावर हेच हवं. गावोगावी एक भक्कम शाळा, तिच्या आवारात हातानं पाणी काढता येईल अशी विहीर, आणि वादळ येण्याआधीच ठाऊक असलेलं की म्हाताऱ्यांना कोण आणणार नि किल्ली कुणाकडे आहे. मुंबईहून आलेला असो की कुणी परका, दार सर्वांसाठी उघडायचं, हेही आधीच ठरलेलं असावं. ऐन वादळात असले निर्णय घेणं माणसाला जमत नाही. मला तरी जमलं नव्हतं.

परतताना होडीत नातवानं खेळ पुन्हा उघडला. दाराशी कुणीतरी उभं होतंच. या वेळी त्यानं मला विचारलं नाही. सरळ आत घेतलं.