माकडाने व्हिडिओ गेम खेळला म्हणून लकवा बरा होत नाही

"डॉक्टर, ती मेंदूतली चिप आपल्याकडे कधी येणार?" लकव्याच्या आणि फिट्सच्या रुग्णांचे नातेवाईक हल्ली सर्रास विचारतात. बहुतेकांनी व्हिडिओ पाहिलेले असतात.

ऑगस्ट २०२० मध्ये इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीने गर्ट्रूड नावाची डुकरीण लोकांसमोर आणली. तिच्या नाकाला काही लागले की मेंदूत उठणारे विद्युत संकेत, कवटीत बसवलेले नाण्याएवढे यंत्र वायरशिवाय बाहेर पाठवत होते. एप्रिल २०२१ मध्ये पेजर नावाचे माकड नुसत्या मेंदूच्या संकेतांवर 'पाँग' हा गेम खेळताना दाखवले गेले.

हे संशोधन खोटे नाही. वायर नसली की प्राणी मोकळा फिरतो, त्यामुळे त्याच्या मेंदूची नोंद नैसर्गिक अवस्थेत मिळते. कातडीतून वायर बाहेर न आल्याने जंतुसंसर्गाचा धोकाही कमी होतो. माझा आक्षेप आहे तो या नोंदीला उपचाराचे रूप देण्याला. ईसीजी काढल्याने हार्ट अटॅक बरा होतो का? तसेच मेंदूचे संकेत टिपल्याने मेलेल्या पेशी जिवंत होत नाहीत.

शिवाय यात नवे किती? लुळा पडलेला माणूस मेंदूच्या संकेतांनी कर्सर हलवू शकतो, हे अमेरिकेतल्या ब्रेनगेटच्या संशोधकांनी २००६ मध्येच प्रसिद्ध केले होते, अर्थात तेव्हा वायर जोडून. न्यूरालिंकचे यंत्र माणसात पहिल्यांदा बसले जानेवारी २०२४ मध्ये. मानेखालचे शरीर लुळे पडलेला तो तरुण कर्सर हलवू लागला, बुद्धिबळ खेळू लागला. ही मोठीच गोष्ट आहे. पण पुढच्या काही आठवड्यांत यंत्राचे काही धागे मेंदूतून मागे सरकले आणि सॉफ्टवेअर बदलावे लागले. हातपाय मात्र हलले नाहीत.

म्हणून व्हिडिओ पाहताना विचारा: किती प्राण्यांत यंत्र बसवले? ते किती काळ टिकले? किती प्राण्यांना रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग झाला, किती दगावले? मुक्या जनावराच्या जिवावर मिळवलेली माहिती अपयशासकट जाहीर झालीच पाहिजे. नुसती यशाची क्लिप ही जाहिरात असते, पुरावा नव्हे.

आणि चिपची वाट पाहत उपचार थांबवू नका. फिट्सची गोळी अचानक बंद केली तर लागोपाठ फिट्स येऊन जिवावर बेतू शकते. लकव्यानंतर फिजिओथेरपीला पहिले काही महिने सर्वांत मोलाचे असतात. ते वाया गेले, तर कोणतीही चिप परत आणून देणार नाही.