मेंदूची मशागत केव्हा आरंभावी?

परीक्षा जवळ आल्या म्हणजे जळगाव-धुळ्याकडे घरोघरी बदाम भिजतात आणि मुलांना शिकवण्या लागतात. पालकांची ही तळमळ स्तुत्यच होय. परंतु बुद्धीची खरी मशागत पाटी हाती येण्याच्या फार पूर्वी, मातेच्या उदरातच आरंभते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशी रक्तात असतात, हे आपण शाळेत शिकतो. तशाच रक्षक पेशी मेंदूतही असतात. स्पेनमधील शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ साली त्यांना 'मायक्रोग्लिया' हे नाव दिले. मात्र त्यांचा जन्म मेंदूत होत नाही. गर्भाला जोडलेल्या पीतक नावाच्या पिशवीत त्यांचा उगम होतो व अगदी आरंभीच त्या मेंदूत वस्तीस येतात, असे २०१० साली उंदरांवरील संशोधनाने दाखविले.

तेथे त्या केवळ पहारा करीत नाहीत. रावेर-यावलचा शेतकरी केळीभोवतीची जादा पिले वेळोवेळी कापतो. न कापल्यास घड भरत नाही. वाढत्या मेंदूतही मज्जापेशींच्या जोडण्या गरजेहून अधिक निर्माण होतात. त्यांतील दुबळ्या जोडण्या मायक्रोग्लिया गिळून टाकतात, असे २०११ पासूनच्या उंदरांवरील प्रयोगांत आढळले आहे. मृत पेशींचा केरही त्याच काढतात.

परंतु गर्भिणीस तीव्र संसर्ग झाला, तर गर्भाच्या मेंदूतील हे माळी क्षुब्ध होऊन त्यांचे काम बिघडू शकते, असे प्राण्यांवरील प्रयोग सांगतात. रुबेलाचा विषाणू तर गर्भावर थेट आघात करतो. बहिरेपणा, मोतीबिंदू, हृदयदोष व खुंटलेली बौद्धिक वाढ ही त्याची फळे होत. म्हणूनच नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्रातील शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीची मोहीम सुरू झाली.

"धडधाकट मुलीला सुई कशाला?" असा प्रश्न काही घरांत निघतो. उत्तर सरळ आहे. आज मुलीने घेतलेली लस उद्या तिच्या बाळाच्या मेंदूचे रक्षण करते.

तेव्हा पालकहो, लेकीची लस चुकवू नका. घरातील सून गर्भवती असेल, तर कापूस वेचणीच्या धांदलीतही तिचा ताप अंगावर काढू देऊ नका. तिला वेळीच डॉक्टरांकडे न्या. आणि विद्यार्थी मित्रांनो, आपल्या बुद्धीचा अभिमान वाटेल तेव्हा स्मरण ठेवा की तिची पहिली निगा आपल्या मातेने राखली आहे.